तांदळाची लाखोली

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्यानें आपणांपैकीं पुष्कळजण गेले असतील. वाटेंत शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडक्यांचें हें जन्मगांव, म्हणून गाडींतला कोणीतरी त्यांचें नांव काढतो. पुढें कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसूं लागला कीं मुलें खिडकीशीं गर्दी करतात. पलीकडे पेण तालुक्यांत गागोदें म्हणून एक लहानसें गांव आहे, तें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तेथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. आपण त्यांना विनोबा म्हणून ओळखतों. त्यांच्या थोरवीचें वर्णन करण्याचा आज माझा विचार नाहीं. त्यांच्या घरांतल्या तांदळाच्या दाण्यांची एक गोष्ट तेवढी सांगावयाची आहे.

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई. त्यांचें शिक्षण बेताचें, परंतु नेम कडक. तुळशीला पाणी घातल्यावांचून मुलाला जेवावयास मिळत नसे. एकदां त्यांनीं देवाला तांदळाची लाखोली वाहण्याचा संकल्प केला. अखंड दाणे निवडावे आणि एकेक करून मोजावे, असा त्यांचा रोजचा क्रम सुरू झाला. वडील नरहरपंत शास्त्रीय दृष्टीचे गृहस्थ. कापड रंगविण्याच्या विद्येचे जाणकार. पत्नीचे हे श्रम पाहून त्यांनीं सोपा मार्ग सुचविला. तोळाभर तांदूळ तोलावे, त्यांत किती दाणे भरतात तें पाहावें, त्यावरून लाख दाण्यांचें वजन काढावें, आणि कमी पडूं नयेत म्हणून अर्धा तोळा अधिक घालावा.

खरें सांगतों, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हां माझें मत नरहरपंतांच्या बाजूला पडलें. हिशेबांत कोठें चूक होती? देवाला दाणे कमी पोंचत नव्हते. उलट चार अधिकच पोंचत होते.

रुक्मिणीबाईंना उत्तर सुचलें नाहीं, पण मनाला पटेनाही. विनायक घरीं आल्यावर त्यांनीं तोच प्रश्न त्याला घातला. हा मुलगा गणिताचा मोठा भोक्ता; तें प्रेम पुढें जन्मभर टिकलें. तेव्हां तो वडिलांचाच कौल देईल असें कोणासही वाटलें असतें. त्यानें सांगितलें तें असें कीं, वडिलांचा हिशेब चुकीचा नाहीं, पण लाखोली ही हिशेबाची बाबच नव्हे. एकेका दाण्याबरोबर देवाचें स्मरण व्हावें म्हणून ती मोजावयाची. आईचें समाधान झालें.

मला या उत्तरांतली मर्माची गोष्ट अशी वाटते. तराजूनें दाणे पुरे होतात. मोजणारी मात्र होती तेथेंच राहते. एक दाणा उचलतांना मन भटकतें, दुसऱ्याच्या वेळीं तें पुन्हां जागेवर आणावें लागतें. हें लाख वेळां करावयाचें. माणसाची वाढ होते ती या परत आणण्यांत, आणि तिला दुसरा आडमार्ग नाहीं. दाणा लहान आहे म्हणूनच तो कोणत्याही स्वयंपाकघरांत सांपडतो.

याच आईला संस्कृत गीता उमगत नव्हती. मुलानें मराठी पद्यानुवाद आणून दिला, तोही अवघड वाटला. तेव्हां तूंच कां करीत नाहींस, असें ती म्हणाली. २४ ऑक्टोबर १९१८ रोजीं ती वारली. 'गीताई' लिहावयास आरंभ झाला तो १९३० च्या ऑक्टोबरांत, वर्ध्यास. १९३१ च्या फेब्रुवारींत ती पुरी झाली. लिहिण्यास पांच महिनेही लागले नाहींत. त्या आधींचीं बारा वर्षें आईचा शब्द मनांत मुरत होता, तीं कोणी मोजीत नाहीं.

आतां एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्लीस हरिजन कुटुंबांनीं ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनीं १०० एकर देऊं केली. भूदानाचा हा आरंभ दाण्याएवढाच होता. पुढें विनोबा तेरा वर्षें पायीं हिंडले. परंतु लवकरच पांच कोटी एकरांचा संकल्प आणि १९५७ ची मुदत पुढें आली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली खरी. तींतली पुष्कळशी खडकाळ, कांहीं वादांत सांपडलेली, आणि मोठा भाग भूमिहीनांच्या हातीं कधीं पडलाच नाहीं. विनोबांविषयीं पूर्ण आदर बाळगूनही मी म्हणेन कीं तेथें नरहरपंतांचा तराजू आला. दानपत्रें भराभर जमलीं. एकेक जमीन, एकेक देणारा आणि एकेक घेणारा यांची गांठ घालून देण्याइतका वेळ मागें राहिला नाहीं. विनायकानें आईला दिलेलें उत्तर त्या धांवपळींत एखाद्या कार्यकर्त्यानें पुन्हां काढलें असतें तर, असें मला पुष्कळदां वाटतें.