भाजण्याच्या रीती : इस्तो, तवा आणि जाळी



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतनकरारावर बोलणार, बोनसवर बोलणार, नाही तर अकोल्याच्या सावतराम मिलचे आणि बडनेऱ्याच्या विजय मिलचे भोंगे का थांबले ते सांगणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही मांस भाजण्याविषयी बोलणार आहोत. संयोजकांनी विषय ऐकला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले, पण त्यांनी नाही म्हटले नाही, याबद्दल त्यांचे आभार.

विषय सुचला तो आमच्या बैठकांना येणाऱ्या तरुण पोरांमुळे. ही मुले मोबाइलवर परदेशी स्वयंपाक पाहतात. बोटभर जाड मांसाचा तुकडा तापलेल्या तव्यावर पडतो, चर्र वाजते, पाच-सात मिनिटांत तो बाहेरून तपकिरी आणि आतून गुलाबी होऊन ताटात येतो. त्याला ते ‘स्टेक’ म्हणतात. मग हीच मुले रविवारी बोकडाच्या रानेचा तुकडा आणून तसाच तव्यावर टाकतात, आणि पायताणासारखे वातड काहीतरी तयार होते. ती आम्हाला विचारतात, भाऊ, आपले चुकते कुठे? प्रश्न चुलीचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू गेले तर ते गोठ्यापर्यंत, बाजारापर्यंत आणि मजुरीपर्यंत जाते. शाकाहारी श्रोत्यांनी उठून जाण्याचे कारण नाही. भरताच्या वांग्याला जो न्याय लागू आहे तोच थोड्या फरकाने मांसालाही आहे.

वऱ्हाडी माणसाला भाजणे नवे नाही. तूर निघाली की तुराट्या, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, हे आमचे सरपण. भरताचे वांगे तुराटीच्या भडक जाळात टाकतात. साल जळून कोळसा होते, आणि त्या सालीच्या आत वांगे स्वतःच्या पाण्यात शिजते. साल हेच तिथे भांडे. रोडग्यांची तऱ्हा अगदी उलटी. तिथे जाळ नको. गोवऱ्या पेटून, जाळ ओसरून, नुसता धगधगता इस्तो आणि वर राख उरली पाहिजे. कणकेचा जाड रोडगा त्या मंद आंचेत आतपर्यंत भाजतो. भडक जाळात टाकला तर वरून काळा आणि आत कच्चे पीठ. म्हणजे जाळ आणि इस्तो ही दोन वेगळी हत्यारे आहेत, हे आमच्या आयाबहिणींना कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक होते. मांस भाजताना मात्र पुरुषमाणसे हे विसरतात आणि वांग्याचा न्याय बोकडाला लावतात. मांसाला वांग्यासारखी टाकून देण्याची साल नसते. जाळाची काजळी बसते ती खाण्याच्या भागावरच. अकोल्याच्या एका वस्तीत एका बाईंनी आम्हाला हे एका वाक्यात सांगितले होते : ‘‘भाऊ, जाळावर नाई, इस्त्यावर भाजा लागते.’’

आता भाजताना घडते काय ते पाहू. भाजलेल्या पदार्थाला जो तपकिरी रंग आणि वास येतो, त्यामागची रासायनिक क्रिया लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केली. प्रथिनांतील घटक आणि साखर उष्णतेने एकत्र येतात आणि शेकडो नवे सुवास तयार होतात. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, या सगळ्यांत हीच क्रिया. तिला वेग येतो तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. आणि पाणी तर १०० अंशांवर उकळते! तेव्हा तुकड्याच्या पृष्ठभागावर जोवर पाणी आहे, तोवर तिथले तापमान शंभराच्या पुढे जात नाही, आणि तपकिरी रंग येत नाही. मांस धुऊन, निथळतेच तव्यावर टाकणारा माणूस ते भाजत नसतो, वाफवत असतो. पहिली गोष्ट म्हणून, स्वच्छ फडक्याने तुकडा टिपून कोरडा करावा. मीठ लावायचे तर एक तास आधी लावावे, नाही तर अगदी तव्यावर टाकताना. मधल्या वेळात मीठ पाणी ओढून बाहेर आणते. तासाभराने ते पाणी पुन्हा आत मुरते.

इथे एका जुन्या समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. प्रखर आंचेवर बाहेरची बाजू चटकन भाजली की छिद्रे बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, असे अजून सांगितले जाते. ही कल्पना पसरवली युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८४७ च्या सुमारास. शेतीच्या रसायनशास्त्रात त्याचे ऋण मोठे आहे, पण इथे तो चुकला. तापलेल्या तव्यावरचा तुकडा शेवटपर्यंत चर्र वाजत राहतो, तो आवाज कशाचा? आतून येणाऱ्या रसाचाच. कोंडला असता तर आवाज थांबला असता. कापसाच्या काट्याने आम्हाला एक सवय लावली आहे : सांगितलेल्यावर विश्वास ठेवू नये, तोलून पाहावे. घरात वजनकाटा असेल तर तुकडा भाजण्याआधी आणि नंतर तोलावा. चांगला शिजलेला तुकडा साधारण चौथा हिस्सा वजन गमावतो, मग कवच आधी केलेले असो की मागून. खरे कारण आतले तापमान. जितके आत तापवाल तितका रस बाहेर. कवच करायचे ते चवीसाठी.

मग पोरांचा प्रश्न उरतोच, की बोकडाची रान वातड का? याचे उत्तर चुलीत नाही. मांसासाठी पोसलेले, दोनेक वर्षांचे, काम न केलेले जनावर, आणि कापल्यावर थंड कोठारात दोन-तीन आठवडे टांगून नरम होऊ दिलेले मांस, यांतून स्टेक जन्मतो. आमच्याकडे खाटीक पहाटे बोकड कापतो आणि दुपारी ते शिजते. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात. ते पुन्हा सैल व्हायला थंडी आणि दिवस लागतात, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ वर जात असताना ही थंडी कुठून आणायची? त्यातून रान आणि खांदा हे चालणाऱ्या जनावराचे राबते भाग, त्यांत चिवट धागे जास्त. हे धागे मऊ होतात ते ओल्या, मंद उष्णतेत, तासन्‌तास. म्हणून आपल्याकडे रस्सा झाला. रस्सा हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. हाती असलेल्या मांसाला ते अचूक उत्तर होते.

त्या थंड कोठारांचीही एक कथा आहे, आणि ती आमच्या चळवळीची आहे. अमेरिकेत शिकागोचा जनावरांचा प्रचंड बाजार १८६५ साली उघडला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बर्फाने गार ठेवलेले रेल्वेचे डबे निघाले आणि ताजे मांस दूरदूरच्या शहरांत पोचू लागले. स्टेक सामान्य अमेरिकनाच्या ताटात आला तो या डब्यांतून. त्याच शिकागोत १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी कामगार रस्त्यावर उतरले; आपला एक मे तिथून आला. आणि तिथल्याच मांस-कारखान्यांतील मजुरांचे हाल अप्टन सिंक्लेअरने १९०६ साली ‘द जंगल’ या कादंबरीत मांडले. वाचकांत खळबळ उडाली आणि त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. मजुराच्या कामाच्या तासांना देशभर मर्यादा घालणारा सर्वसाधारण कायदा यायला मात्र १९३८ साल उजाडले. खाणाऱ्याच्या पोटाची काळजी बत्तीस वर्षे आधी घेतली गेली.

आपल्या राज्यापुरते बोलायचे तर जगात स्टेक म्हणतात तो बहुधा गाय-बैलाचा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोवधाला बंदी आली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून आज येथे प्रश्न आहे तो बोकडाचा, कोंबडीचा आणि फार तर म्हशीच्या मांसाचा. कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी करू. पण त्या दुरुस्तीने मजुरांच्या एका मोठ्या वर्गाच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस गेले, एवढे आम्ही वस्त्यांतून पाहिले आहे, आणि ते येथे न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता रीती. बाभळीच्या लाकडाचा इस्तो सर्वांत चांगला. लाकूड जड, निखारा टिकाऊ, आणि त्याची धग कोरडी. चाप, म्हणजे बरगडीचे तुकडे, आणि कलेजी यांना तो मानवतो. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबावे, एका बाजूला निखारे दाट आणि दुसरीकडे विरळ पसरावे, आणि तुकडे वारंवार उलटावेत. एकदाच उलटायचे हा नियम ऐटीचा आहे. वारंवार उलटल्याने आत उष्णता सारखी जाते आणि वेळही कमी लागतो.

दुसरी रीत तव्याची, आणि घरासाठी आम्ही हिलाच पहिला मान देतो. तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी हवा. पातळ तवा गार तुकडा पडताच थंड होतो, मांस पाणी सोडते आणि त्यात उकडते. एका वेळी थोडेच तुकडे टाकावेत. न चिकटणारा लेप दिलेला तवा या कामाला घेऊ नये. २६० अंशांच्या पुढे तो लेप खराब होऊ लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आंचेवर तिथवर लवकर पोचतो. तिसरी रीत म्हणजे गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवून थेट ज्योतीत भाजणे. वांग्याला, पापडाला ती ठीक. मांसाची चरबी बर्नरवर गळते, भडका उडतो, घर धुराने भरते, आणि जळक्या चरबीच्या धुरातले अपायकारक पदार्थ तुकड्यावर बसतात. ही रीत आम्हाला पसंत नाही.

रान आणि खांदा यांच्यासाठी चौथी रीत : आधी आले-लसूण आणि मीठ घालून मंद आंचेवर मऊ होईपर्यंत शिजवावे, मग तुकडे काढून, कोरडे करून, तव्यावर किंवा इस्त्यावर चटके द्यावेत. उरलेल्या पाण्याचा रस्सा होतो, काही वाया जात नाही. कच्च्या पपईचा कीस अर्धा-एक तास लावला तरी मांस नरमते; रात्रभर ठेवले तर मात्र त्याचा लगदा होतो. आतून गुलाबी ठेवण्याची हौस कोंबडीच्या, खिम्याच्या आणि कलेजीच्या बाबतीत करू नये. स्वयंपाकाचा तापमापक आता सहज मिळतो. अख्ख्या तुकड्याला आत ६३ अंश आणि वर तीन मिनिटे विसावा, खिम्याला आणि कलेजीला ७१, कोंबडीला ७४, हे आकडे लक्षात ठेवावेत.

गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हे भाषण करताना त्यांची आठवण टाळता येत नाही. जत्रेत नवसाचे बोकड कापणाऱ्याला आणि त्यापायी कर्ज काढणाऱ्याला त्यांनी कीर्तनांतून झोडपून काढले. त्यांचा हिशेब आम्ही मांसाच्या बाजूनेही मानतो. एक किलो मटण रश्श्यात आठ माणसांना पुरते. तेच भाजले तर चौथा हिस्सा इस्त्यावर गेला, आणि ताटात आले ते चार जणांचे. भाजणे ही महाग रीत आहे, मजुरीच्या दिवसाची नव्हे.

मात्र तिचा एक गुण आहे, आणि तो आम्हाला फार उशिरा सुचला असे नाही, कुणी बोलत नाही इतकेच. रश्श्यात वाटणी दिसत नाही. पुरुष जेवतात, पोरे जेवतात, आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तर्री आणि एखादे हाड येते. भाजलेला तुकडा मोजता येतो. आठ चाप, चार माणसे, दोन-दोन. तिचे दोन आधी काढून ठेवावेत. आणि अंगणात इस्त्यापाशी उभे राहून वाहवा घेणाऱ्या पुरुषाने मसाला कुणी वाटला, आणि चरबीने माखलेली जाळी उद्या सकाळी कोण घासणार, हेही तिथेच ठरवून घ्यावे. आम्ही करार लेखी मागतो. हा तोंडी चालेल.

घड्याळाकडे पाहून अध्यक्षमहाराजांनी खूण केली आहे, तेव्हा एकच सांगतो. पावसाळ्यात अंगण ओले म्हणून कोळशाची शेगडी उचलून खोलीत आणतात, आणि थंडीत इस्तो विझला असे समजून तीच उशाशी ठेवून झोपतात. राखेखालच्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत झोपलेला माणूस त्याने जागा न होताच मरतो. शेगडी बाहेरच ठेवावी, तिथेच पाणी ओतून विझवावी, आणि पाणी ओतताना तोंड बाजूला करावे. वाफेने हात भाजतो.