तळे राखणारी माणसे

(शाळेच्या हीरकमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण मी याच शाळेत शिकलो. राखणदाराने थोडा लाभ घेतला तर जगाने तो मान्य करावा, असा तिचा अर्थ तेव्हा मनात बसला. नोकरीनिमित्त कुंभकोणमला राहू लागल्यावर मात्र तिचा पुन्हा विचार करावा लागला.

कुंभकोणममध्ये महामहम नावाचे विस्तीर्ण तळे आहे. त्याच्या चहू बाजूंना सोळा मंडप आहेत. दर बारा वर्षांनी, तमिळ मासी महिन्यात, तेथे लाखो लोक स्नानाला येतात. मागचे पर्व २०१६ साली झाले. पुढचे २०२८ साली आहे. पर्वकाळात बंदोबस्त असतोच. परंतु तळ्याची खरी राखण मधल्या वर्षांत करावी लागते. तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दगडावरच्या मजकुरात येणारा-जाणारा काही मिसळू शकत नाही. पाण्याचे तसे नसते.

आपल्या भाषेचेही असेच एक सार्वजनिक तळे आहे. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश कोणीही वाचावा आणि कोणीही त्यात लिहावे असा आहे. हा खुलेपणा हेच त्याचे बळ, आणि त्याच वाटेने कचराही येतो. एखाद्या गावाच्या माहितीत कोणी आपल्या लॉजचा फोन क्रमांक घालतो, कोणी शिकवणी वर्गाची जाहिरात. आपल्या संकेतस्थळाचा दुवा जागोजागी पेरून गिऱ्हाईक मिळवण्याचाही प्रयत्न होतो. असे करणाऱ्याला खर्च जवळजवळ नसतो. निस्तरणाऱ्याचा वेळ मात्र जातो.

दार बंद करावे, तर खेड्यातला होतकरू विद्यार्थीही बाहेरच राहील. यंत्राकडून निवड करवावी, तर वारंवार येणारे दुवे यंत्र पकडते. पण माहितीच्या वेषातली शुद्ध मराठी जाहिरात ओळखायला मराठी वाचकच लागतो. म्हणून काही स्वयंसेवक ‘अलीकडील बदल’ हे पान नियमितपणे चाळतात आणि भेसळ दूर करतात. ज्यांचे काम इतरांनी पाहिले आहे, अशा काहींना चर्चेअंती ‘प्रचालक’ म्हणून निवडले जाते. पाने वगळणे, ती सुरक्षित करणे, उपद्रवी सदस्याला रोखणे, हे अधिकार त्यांना मिळतात. मोबदला मिळत नाही.

येथेच ती म्हण आठवते. ज्याला जाहिरात पुसता येते, त्याला न पटणारे मतही पुसता येईल. मग राखणदारावर विश्वास ठेवायचा कसा?

तमिळनाडूतच, कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथे, पहिल्या परांतक चोळाच्या काळातले इ. स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत. गावाच्या समित्यांवर माणसे कशी नेमावीत, याचे नियम त्यांत आहेत. तळ्यासाठी स्वतंत्र समिती होती. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रावर लिहून घड्यात टाकत आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढत. मुदत एक वर्षाची. ज्याने पूर्वी काम करून हिशेब दिला नाही, तो अपात्र. त्याचे जवळचे नातलगही अपात्र. ही पात्रता जमीनदार, वेदज्ञ पुरुषांपुरतीच होती, हे विसरता येत नाही. तरीही राखणदाराने हिशेब दिलाच पाहिजे, हे त्या गावाने हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवले.

विकिपीडियातही हिशेब उघडा असतो. प्रत्येक बदल तारखेसह इतिहासात राहतो. प्रचालकाने काय वगळले, कोणाला रोखले, याचीही नोंद सर्वांना दिसते. ‘चावडी’ नावाच्या चर्चेच्या पानावर कोणीही जाब विचारू शकतो. चूक उलटवता येते आणि अधिकार काढूनही घेता येतो.

सगळ्याच चुका मात्र उलटवता येत नाहीत. स्वयंसेवक म्हणून काम करताना एका नवख्याने आपल्या गावच्या जत्रेविषयी लिहिलेला मजकूर मी सरसकट काढला, कारण शेवटी एक फोन क्रमांक होता. क्रमांक तेवढा काढून दोन ओळींत कारण सांगायला हवे होते. मजकूर मी नंतर परत ठेवला. त्या नावाने पुन्हा कोणी लिहिले नाही.

मित्रहो, या कामाला संगणकाचे मोठे ज्ञान लागत नाही. वाक्य वाचताच त्यातला खरेपणा आणि खोटेपणा जाणवावा लागतो, आणि ते शिक्षण आपल्याला या शाळेने दिले आहे. राखणारे हात थोडे आहेत. ते थकले तर मराठीत माहिती शोधणाऱ्या आपल्या मुलांना जाहिरातीच हाती लागतील. आपापल्या गावाचे, तालुक्याचे पान प्रत्येकाने आठवड्यातून अर्धा तास पाहावे. चूक दिसली तर दुरुस्त करावी, कारण लिहावे आणि कोणी विचारल्यास उत्तर द्यावे. हीरकमहोत्सवी वर्षात शाळेला द्यायची भेट म्हणून मला तरी एवढेच सुचते.