संगणकाचा निरोप्या

मराठी विकिपीडियावरील "पुणे" हा लेख वाचावयाचा असल्यास माणसानें तें पान उघडावें, म्हणजे झालें. परंतु हजार लेखांतून माहिती वेंचून तिचें कोष्टक करावयाचें असेल, तर तें काम संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोंपवावें लागतें. त्याच्याकरितां विकिपीडियानें एक निराळें दार ठेविलें आहे. त्यास एपीआय म्हणतात. तेथें ठराविक नमुन्यांत मागावें व ठराविक नमुन्यांतच उत्तर घ्यावें.

१९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायथॉन ह्या भाषेंत अशा मागणीची सोय आहे; पण ती किचकट. केनेथ राइट्झ ह्यांनीं २०११ सालीं "रिक्वेस्ट्स" ही लायब्ररी रचली आणि तेंच काम एका ओळींत होऊं लागलें. लायब्ररी म्हणजे येथें वाचनालय नव्हे; दुसऱ्यानें लिहून ठेविलेल्या तयार सूचनांचा संच.

ती किती काम निमूटपणें उरकते पाहा. पत्त्यांत देवनागरी अक्षर जसेंच्या तसें जात नाहीं. "पुणे" ह्या शब्दांत प, उकार, ण व एकार अशीं ४ चिन्हें. यूटीएफ-८ पद्धतींत प्रत्येकास ३ बाइट लागतात, आणि दर बाइटामागें टक्क्याची खूण व दोन अक्षरें लिहावीं लागतात. दोन अक्षरी पुण्याचीं ३६ अक्षरें होतात! प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास मात्र "पुणे" एवढेंच लिहिणें पुरतें.

तिच्यावर सर्वस्वीं विसंबून मात्र चालत नाहीं. किती वेळ थांबावें हें सांगितलें नाहीं, तर ती थांबूनच राहते. समोरचा सर्व्हर मुका झाला तर रात्रीं लाविलेलें काम सकाळीं तेथल्या तेथेंच अडकलेलें आढळावयाचें. म्हणून प्रत्येक मागणींत, १० सेकंद म्हणा, अशी मुदत घालावी.

दुसरा धोका अधिक फसवा. उत्तराबरोबर एक आंकडा येतो: २०० म्हणजे मागणी पावली, ४०४ म्हणजे वस्तु सांपडली नाहीं. ४०४ आला तरी रिक्वेस्ट्स आपण होऊन ओरड करीत नाहीं. त्यांतून विकिपीडियाच्या ह्या दाराची तऱ्हा अशी कीं, मागणी चुकली तरी बहुधा २००च येतो, आणि चूक आंतल्या मजकुरांत "एरर" ह्या नांवाखालीं असते. लिफाफा पाहूनच समाधान मानणाऱ्याचें कोष्टक रिकामें राहतें, आणि तें त्याला कळतही नाहीं.

मागणाऱ्यानें आपलें नांव व संपर्काची जागा कळवावी, असाही तेथील दंडक आहे. निनावी मागणी अडविली जाऊं शकते. शिवाय एका मागणींत ५० शीर्षकें घालतां येतात. माहिती थोडकी असल्यास हजार लेखांना २० फेऱ्या पुरतात. त्याही एकामागून एक कराव्या, एकदम नव्हे.