आधी फोन लागला पाहिजे

आम्ही सेनगाव तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

१० जुलै २०२४ आठवतो ना? सकाळी सातच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. धक्का ४.५ तीव्रतेचा होता. लेकरं घेऊन आम्ही अंगणात आलो आणि पहिला हात फोनकडं गेला.

१०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून आहे. पण फोन लागल्याशिवाय ती निघत नाही. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, शेतात साप चावला, की रेंजसाठी माळावर पळायचं. त्यातच वेळ जातो.

४जी नसलेल्या गावांसाठी केंद्रानं २०२२ मध्ये बीएसएनएलचे टॉवर मंजूर केले. राज्यानं त्यासाठी २०० चौरस मीटर जागा मोफत द्यायचं ठरवलं. आपल्या गावाचं, तांड्याचं नाव यादीत आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथं ठराव मांडा.

ठरावात आणखी एक ओळ घाला. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की तोही बंद. म्हणून बॅटरी किती तास पुरेल, जनरेटर आहे का, हेही लिहून मागा.

तोवर एक ध्यानात ठेवा. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा. जवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर असला तर तो लागू शकतो. आणि गावात रेंज कुठं मिळते, ती जागा सुनांना, पोरींना आजच दाखवून ठेवा.