होकाराचा मोह



माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्री झाले. तेव्हा मानसशास्त्रावर मी अधिकाराने बोलावे असे नाही. पण ज्या चुकीविषयी बोलणार आहे, ती मी स्वतः केलेली आहे.

पीटर वॅसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे आकडे दिले. यामागे एक नियम आहे. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही एवढे मी सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांच्या मनात आले, दोन-दोनाने वाढ! मग ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. नियम जाहीर केला, आणि चुकला. खरा नियम एवढाच होता की, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. १, २, ९ असे कोणी सुचवले असते, तर तेही बसले असते आणि डोळे उघडले असते. पण आपलाच अंदाज खोटा पाडणारा प्रश्न सहसा सुचत नाही. आणि ही विद्यापीठात शिकणारी मुले होती बरे!

मी काय निराळे केले? पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संप केला. रोज संध्याकाळी मी चाळीचाळींतून फिरे आणि विचारी, "टिकणार ना?" "टिकणार!" जितके होकार, तितकी माझी खात्री वाढे. घरात ज्वारी किती दिवसांची आहे, वाण्याने उधारी थांबवली काय, बायकोचे डोरले गहाण पडले काय, हे मी विचारलेच नाही. गेटसभेला माणसे कमी दिसू लागली, तर मी म्हणे, पेरणीला गावी गेली असतील. सत्तराव्या दिवशी पहिल्या पाळीला निम्मी माणसे आत गेली. पुढे उभे राहिलेले अकरा जण कामावरून गेले, ते कायमचे.

आत गेलेल्या एका जुन्या कामगाराला मी रागानेच विचारले, "अगोदर सांगितलं का नाहीस?"

"भाऊ, तुम्ही विचारलंत कुठं? 'टिकणार ना' म्हणत होता. त्याला नाही कसं म्हणायचं?"

हल्ली आम्ही संपाचा ठराव हात वर करून घेत नाही. चिठ्ठ्या टाकून घेतो. गेल्या खेपेस सभेत घोषणांनी मांडव दणाणला, आणि पेटीतून निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या 'नको' म्हणून निघाल्या. मला वाईट वाटले, हे लपवीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वाटाघाटीला बसलो.