बंद वाटा आणि बनावट पत्र

आमच्या औरंगपुऱ्यांतून बेगमपुऱ्याकडे पायीं निघालें म्हणजे थोड्याच वेळांत मकबऱ्याचे मनोरे दिसूं लागतात. ज्या बेगमेची तेथें कबर आहे, ती दिलरसबानू १६५७ च्या ऑक्टोबरांत वारली. त्याच दिवसांत तिचा पति औरंगजेब, दक्षिणेचा सुभेदार, पत्रांवर पत्रें लिहवीत होता. त्याचा मुनशी काबिलखान यानें लिहिलेलीं पत्रें ‘आदाब-इ-आलमगिरी’ या फारसी संग्रहांत राहिलीं आहेत. शाळेंत आम्ही ही यादवी लढायांच्या तारखांवर शिकविली. पत्रांकडे वळलों नाहीं. ती चूक माझीहि.

सप्टेंबर १६५७ मध्यें शहाजहान दिल्लीस आजारी पडला. थोरला मुलगा दारा शुकोह जवळ होता. अफवा पसरूं नयेत म्हणून त्यानें बाहेर जाणारीं पत्रें रस्त्यांवर व नद्यांच्या उतारांवर अडविलीं, भावांच्या वकिलांवर पहारे बसविले. परिणाम नेमका उलटा झाला. बंगाल्यांत शुजा, गुजराथेंत मुराद आणि येथें औरंगजेब, तिघांचाहि संशय बळावला कीं बाप गेला आणि दारा तें लपवीत आहे. पुढें बादशहा सावरला, त्याच्या हातचीं पत्रेंहि आलीं. तेव्हां हें अक्षर दाराचें, त्याला वडिलांच्या अक्षराची नक्कल साधली आहे, असें भाऊ म्हणूं लागले! खऱ्या पत्रावरचाहि विश्वास उडाला, तेथेंच समेटाची वाट बंद झाली असें मला वाटतें.

आतां भावांभावांचा पत्रव्यवहार सुरू झाला. औरंगजेबानें मुरादकडे सांकेतिक लिपीची किल्ली धाडली. उतावळ्या मुरादनें डिसेंबरांत अहमदाबादेस स्वतःला बादशहा म्हणविलें. औरंगजेब मात्र धीर धरण्याचा सल्ला लिहीत राहिला. पंजाब, काबूल, काश्मीर व सिंध मुरादला, शिवाय लुटीचा तिसरा हिस्सा, असा करार ठरला. दरबारानें परत बोलाविलेला सेनापति मीर जुमला याला जानेवारी १६५८ मध्यें देवगिरीच्या किल्ल्यांत, म्हणजे दौलताबादेस, कैद करण्यांत आलें. राजधानींतील त्याच्या माणसांवर राग निघूं नये म्हणून ही कैद संगनमतानें झाली, असें अनेक इतिहासकार मानतात. ५ फेब्रुवारीस औरंगजेब येथून उत्तरेकडे निघाला.

पण माझें मन अडतें तें दुसऱ्याच एका पत्राशीं. मुरादचा दिवाण अली नकी करडा व प्रामाणिक होता, म्हणून हितशत्रु पुष्कळ. तवारिखांत आलें आहे कीं, त्यांनीं त्याच्या मोहोरेचें, दाराशीं निष्ठा सांगणारें खोटें पत्र रचलें आणि तें मुरादच्याच चौकीवर पकडलें जाईल अशी तजवीज केली. मुरादनें चौकशी न करतां दिवाणाला भाल्यानें ठार केलें.

सामूगढचा विजय दोघां भावांनीं मिळून मिळविला. महिनाभराच्या आंतच, जून १६५८ मध्यें, मथुरेजवळ औरंगजेबानें मुरादला मेजवानीस बोलावून कैद केलें. ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत १६६१ च्या डिसेंबरांत त्याचा वध झाला. त्याच्यावरील आरोप अली नकीच्या खुनाचा होता आणि फिर्यादी त्या दिवाणाचाच मुलगा होता.