आपोआप जाणारी पत्रे

तासगावचे नाव घेतले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एक परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपतिमंदिराचे सात मजली गोपुर, आणि दुसरी द्राक्षांचे मळे. 'तास-ए-गणेश' हे द्राक्षाचे प्रसिद्ध वाण याच तालुक्यातील वसंतराव आर्वे यांच्या निरीक्षणाचे फळ होय. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. सुमारे चार किलो द्राक्षे सुकवावीत, तेव्हा कोठे एक किलो बेदाणा हाती येतो. परंतु इतक्या कष्टाचा हा माल एकदा सौद्यात विकला गेला, की तो कोणाच्या घरी पोहोचला हे बागायतदारास कधीच कळत नाही.

आता अशा एका बागायतदाराची कल्पना करावी. भाद्रपद शुद्ध पंचमीस तासगावात गणपतीचा रथ निघतो आणि दूरदूरची माणसे गावात येतात. त्या दिवशी त्याने आपला बेदाणा पाकिटे करून स्वतः विकला, आणि ज्यांनी राजीखुषीने दिले त्यांची नावे व ई-मेलचे पत्ते वहीत टिपून घेतले. पुढे ऑक्टोबरची छाटणी आली, कामाचा रेटा वाढला आणि वही कपाटात पडून राहिली. जुळलेली ओळख जागच्या जागी सुकून गेली.

विक्री झाली म्हणजे संबंध संपला असे मानू नये, हा धडा याच परिसरात फार पूर्वी गिरवला गेला आहे. शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी हा त्याचा मूळ हेतू. त्याच पत्रातून पुढे 'किर्लोस्कर' मासिक वाढले, याचे कारण उघड आहे. त्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काही होते.

तेव्हा ज्या कामास छापखाना व टपालखाते लागे, ते आज संगणक एकटा करतो. पत्रे एकदाच लिहून ठेवावयाची, आणि कोणते पत्र कोणास, केव्हा व कोणत्या अटीवर जावे हे यंत्रास सांगून ठेवावयाचे. नाव नोंदले जाताच पहिले पत्र जाते. त्यात आभार असतात आणि 'पत्रे पाठविण्यास आपली संमती आहे ना?' अशी विचारणा असते. होकार आला तरच पुढची पत्रे. चौथ्या दिवशीचे पत्र सांगते की, बेदाणा हवाबंद डब्यात व थंड जागी ठेवावा, म्हणजे त्याचा रंग टिकतो. पंधराव्या दिवशीचे पत्र सांगते की, द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व तेल यांच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवतात, म्हणून त्यांची हिरवट-पिवळी छटा राहते. दर आणि मागणीची गोष्ट निघते ती पाचव्या आठवड्यात. चार पत्रांपैकी तीन वाचणाऱ्याच्या उपयोगाची आणि मागणारे एकच, हे प्रमाण सुज्ञपणाचे म्हणावे लागेल.

येथवर सारे सोपे आहे. कठीण भाग पुढेच आहे. पुण्याच्या एका गृहिणीने कळविले, 'पाकीट ओलसर निघाले.' बागायतदार छाटणीत गुंतलेला होता, त्याने ते वाचले नाही. यंत्राने मात्र नेमल्या दिवशी तिला लिहिले, 'बेदाणा आवडलाच असेल, या वेळी दोन किलो मागवा.' यात यंत्राचा दोष नाही. त्याला जे सांगितले तेच त्याने केले. पण त्या घरी तो बेदाणा पुन्हा जाणार नाही, आणि शेजारच्या चार घरांतही नाही. दुकानात समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून दुकानदार आपोआप गप्प होतो. यंत्रास चेहरा दिसत नाही. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी थांबण्याची अट लिहावी. उत्तर आले की माला थांबावी व ते उत्तर माणसाने वाचावे. खरेदी झाली की ते नाव दुसऱ्या यादीत जावे. सहा महिने काहीच प्रतिसाद नसेल, तर एकदा विचारून नाव वगळावे. आणि 'नको' म्हणणाऱ्यास कारण विचारू नये.

न मागितलेल्या पत्रांचा त्रास जगाला नवा नाही. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या संगणकजालावरील सुमारे चारशे जणांस एकच जाहिरात धाडली. काही माल खपला, पण संतापही फार झाला. पुढे हा उपद्रव इतका वाढला की, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांसाठी २०२४ पासून गूगलने दंडक घातला. जाहिरातीची पत्रे एका टिचकीसरशी बंद करण्याची सोय हवी, आणि हजारी तीन वाचकांनीही पत्रास उपद्रवी ठरवू नये. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याचे तत्त्वही हेच की, संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे. तासगावचा बागायतदार दोनशे पत्रेच धाडील, एका टिचकीच्या सोयीचा गूगलचा दंडक त्यास लागू होणार नाही. तथापि दोनशे गिऱ्हाइकांच्या धन्याला एक गिऱ्हाईक तुटणे हे पाच हजारांच्या धन्यापेक्षा अधिक जड जाते.

वहीतील नावे ही विश्वासाने दिलेली ठेव आहे. ती कपाटात कुजू देणे ही जशी हेळसांड, तसेच तिच्यावर रोज जाहिरातींचा मारा करणे हा विश्वासघात होय. रोज सायंकाळी मळ्यातून परतल्यावर बागायतदाराने दहा मिनिटे आलेली उत्तरे वाचावीत. पत्रे पाठविण्याचे काम यंत्राकडे खुशाल सोपवावे, ती वाचण्याचे मात्र स्वतःकडेच ठेवावे.